जोतीराव नसताना सावित्रीमाई काय करीत होत्या?

३ जानेवारी जवळ आली की आमच्या कोपरखैरण्यात विहाराविहारांतून लगबग सुरू होते. फोटो पुसले जातात, हार सांगितला जातो, लाऊडस्पीकरवाल्याला इसार दिला जातो. सिडकोच्या बैठ्या घरांच्या वसाहतीतल्या चिमुरड्या मुली आयांची लुगडी नेसून, हातात पाटी-पुस्तक घेऊन 'सावित्रीमाई' होतात. मग भाषणे होतात. आम्हीही करतो. गेली पंधरा वर्षे आमचे भाषण तेच आहे. जन्म १८३१, गाव नायगाव, जिल्हा सातारा, वडील खंडोजी नेवसे पाटील. नवव्या वर्षी जोतीरावांशी विवाह. जोतीरावांनी शिकविले, शाळेत नेले, वाटेवर सनातन्यांनी शेण मारले, माईंनी सोबत जादा साडी नेली. टाळ्या होतात, चहा-बिस्किटे होतात, आणि आम्ही समाधानाने घरी जातो.

दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या तयारीसाठी विहारात रविवारचा अभ्यासवर्ग भरला होता. आमचे नेहमीचे सांगणे चालू असताना बारावीत शिकणारी एक मुलगी उठून उभी राहिली. म्हणाली, "काका, तुम्ही दर वेळी जोतीरावांनी शिकवलं, जोतीरावांनी साथ दिली, असं सांगता. ते खरंच आहे. पण जोतीराव जवळ नसताना सावित्रीमाई काय करायच्या?"

बंधू-भगिनींनो, आम्हाला उत्तर देता आले नाही. "पुढच्या रविवारी सांगतो," असे म्हणून वेळ मारून नेली.

त्याच आठवड्यात त्या मुलीचे वडील आमच्याकडे आले. वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत, आयुष्यभर पाठीवर पोती वाहिलेला माणूस. "जय भीम भाऊ. पोरीचं जमतंय. मुलगा महाप्याला कंपनीत आहे. मे महिन्यात हॉल मिळेल का?" आम्ही म्हटले, "मंगल परिणय आहे, मिळणारच." विहाराचे रजिस्टर काढले, तारीख टाकली, नाव लिहिले. त्या क्षणी आमच्या मनात दुसरे काहीच आले नाही. ते का सांगतो आहोत, हे पुढे कळेल.

कागद काय बोलतो?

आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. कचेरीत आवक-जावक सांभाळतो. तोंडी सांगितलेले आमच्याकडे चालत नाही, कागद लागतो. तेव्हा माईंविषयीही कागद पाहावा म्हणून वाचनालयातून 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' आणले. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेला हा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केला. त्यात माईंची कविता आहे आणि माईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रेही आहेत. पत्र केव्हा लिहितात? दोघे एका ठिकाणी नसतात तेव्हा. म्हणजे मुलीच्या प्रश्नाचे उत्तर कागदावरच होते. पंधरा वर्षे भाषण करणाऱ्या आम्हीच ते उघडून पाहिले नव्हते.

पहिले पत्र : माहेरची माणसे

पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे. माई आजारी होत्या म्हणून माहेरी नायगावला राहिल्या होत्या. वय पंचवीस. पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू होऊन आठ वर्षे झाली होती. शाळेसाठी सासऱ्यांचे घर सोडावे लागले, त्यालाही सात वर्षे उलटली होती. आजारपणात काळजी घेणारा भाऊ प्रेमळ होता, पण समाजाच्या धाकाखालचा होता. तुम्ही नवरा-बायको महार-मांगांसाठी जे करता ते पतित करणारे आहे, जातीच्या रूढीप्रमाणे आणि भटांच्या सांगण्याप्रमाणे वागावे, असे तो बहिणीला सुनावू लागला. आईही त्याच्या बोलण्याने अस्वस्थ झाली.

वाटेवरच्या परक्या माणसाने शेण मारले तर ते धुता येते. पण आजारपणात उशाशी बसलेला पाठचा भाऊ बोलतो तेव्हा काय करायचे? आपल्यापैकी किती जणी अशा वेळी गप्प बसतात, आठवून पाहा. माई गप्प बसल्या नाहीत. भावाशी भांडण करून उठूनही गेल्या नाहीत. त्यांनी त्याला समजावून विचारले की, तू गाय-बकरी कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसांना अस्पृश्य का मानतोस? भाऊ खजील झाला आणि आईचे मन वळले. त्याच पत्रात फातिमेची आठवण आहे. मी नसल्याने कामाचा भार फातिमेवर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे माईंनी लिहिले आहे. आजारी बाईला अंथरुणात शाळेची आणि मैत्रिणीची काळजी लागली आहे.

दुसरे पत्र : गणेश आणि शारजा

दुसरे पत्र २९ ऑगस्ट १८६८ चे, तेही नायगावहूनच. हे पत्र प्रत्येक बौद्ध घरात वाचले गेले पाहिजे, असे आम्हास वाटते.

गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव फिरत असे. त्याचे आणि शारजा नावाच्या महार मुलीचे प्रेम जमले. मुलगी सहा महिन्यांची गरोदर राहिली, तेव्हा गावाला समजले. लोकांनी दोघांना पकडून मारीत गावातून फिरविले. आता जीवच घेणार, असा प्रसंग. ही बातमी माईंना कळली. जोतीराव पुण्यात होते. विचारून सांगते म्हणायला तार नव्हती की फोन नव्हता. माई धावत गेल्या, जमावासमोर उभ्या राहिल्या. इंग्रजी कायद्याने खुनाची काय शिक्षा होईल याची जाणीव देऊन त्यांनी लोकांना थांबविले. दोघांनी गाव सोडावे, असे ठरले. माईंनी ते मान्य करविले आणि दोघांनाही पुण्याला जोतीरावांकडे रवाना केले. नंतर पत्र लिहून कळविले.

क्रम लक्षात घ्या. आधी परवानगी आणि मग काम, असे घडलेले नाही. काम आधी झाले, पत्र मागून गेले. पुण्याच्या घरी पाठविले तर जोतीराव दार लावणार नाहीत, ही खात्री माईंना होती. दोघांचा संसार या विश्वासावर उभा होता. १८६३ साली याच घरात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. फसविल्या गेलेल्या विधवांनी तेथे येऊन बाळंत व्हावे, मूल मारू नये, म्हणून. तेथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत १८७४ साली त्यांनी पोटचा म्हणून दत्तक घेतला.

आज दीडशे वर्षांनंतरही जातीबाहेर प्रेम केले म्हणून मुलामुलींना जिवे मारल्याच्या बातम्या आपण वाचतो. आणि हो, आपल्याही वस्तीत पोटजातीचा प्रश्न निघाला की आवाज चढतात. तेव्हा शारजेसाठी धावलेली माळ्याची लेक आठवावी.

तिसरे पत्र : दुष्काळ आणि कलेक्टर

तिसरे पत्र २० एप्रिल १८७७ चे, जुन्नर तालुक्यातील ओतूरचे. १८७६ चा भीषण दुष्काळ सरता सरत नव्हता. गुरे पटापटा मरत होती, लोक गाव सोडून जात होते, सावकार अडलेल्यांना नाडत होते. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झालेली. त्याचे कार्यकर्ते जागोजाग मदतीला लागले होते आणि माई त्यांच्याबरोबर खेड्यांतून फिरत होत्या. सावकारांविरुद्ध लोक खवळले, तेव्हा कलेक्टरने पन्नास सत्यशोधकांना पकडले. माई कलेक्टरला भेटल्या. आमच्या भल्या माणसांना खोट्या आळात का अडकविता, म्हणून त्यांनी जाब विचारला. माणसे सुटली आणि दुष्काळग्रस्तांसाठी चार गाड्या ज्वारी आली.

हे वाचताना आम्हाला आमची आई आठवली. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. मराठवाड्यात दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि सुकडी खायची. आमच्या वसाहतीत अशी कितीतरी घरे आहेत. गाव सोडून कुणी खाणीत आले, कुणी ठाणे-बेलापूर पट्टीत कंपनीच्या गेटवर उभे राहिले, कुणी मार्केटात पोते उचलले. आई सांगते, तेव्हा साहेब आला की बायका पदर ओढून मागे सरकायच्या. दुष्काळात अन्नाइतकीच साहेबासमोर बोलणाऱ्या माणसाची गरज असते. १८७७ साली ओतुरात ते काम शेचाळीस वर्षांच्या सावित्रीबाईंनी केले.

कवयित्री सावित्रीबाई

माई कवयित्री होत्या, हे आपण एका ओळीत सांगून पुढे जातो. आम्हीही तेच करीत होतो. 'काव्यफुले' हा त्यांचा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला. वय तेवीस. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून शाळेत ज्यांचे नाव पाठ करतो, त्या केशवसुतांचा जन्म १८६६ चा. म्हणजे केशवसुत जन्मण्याच्या बारा वर्षे आधी शिकून अवघी काही वर्षे झालेली शेतकऱ्याची मुलगी कविता छापून मोकळी झाली होती. त्यात फुलांवरच्या कविता आहेत, शिवरायांवर आहे, विद्या घ्या, इंग्रजी शिका, आळस टाका असे शूद्र-अतिशूद्रांना कळकळीने सांगणाऱ्या आहेत. भाषा ओवी-अभंगाच्या वळणाची, जात्यावरच्या बाईलाही कळेल अशी.

फुलांवर कविता कशाला, असे आम्हास आधी वाटले. नंतर उमगले की, जिला शेणमातीने माखून टाकले जात होते, तिने फुलाकडे निवांत पाहिले आणि ते स्वतःच्या अक्षरात लिहिले, हीदेखील मोठी गोष्ट आहे. शिक्षण म्हणजे केवळ अर्ज भरता येणे नव्हे. आपल्या मनातले आपण लिहावे, हेही शिक्षणच. हे त्यांनी आपल्या शाळेतही रुजविले. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. शाळकरी मुलीने धर्माला प्रश्न विचारला. बाईंनी प्रश्न विचारायला शिकविले होते म्हणून तो विचारला गेला.

जोतीराव गेल्यानंतर

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून दत्तकपुत्राचा हक्क नाकारणारे भाऊबंद पुढे आले, तेव्हा माईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि अग्नी दिला. त्या काळी विधवेने घराच्या कोपऱ्यात बसायचे असे. माई कोपऱ्यात बसल्या नाहीत. १८९२ साली जोतीरावांचे जीवनकार्य सांगणारा 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' हा काव्यग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. १८९३ साली सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या.

१८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग आला आणि पुण्यापर्यंत पसरला. यशवंत डॉक्टर झाला होता. पुण्याबाहेर हडपसरजवळ सासणे यांच्या मळ्यात त्याने दवाखाना घातला. माई घरोघर जाऊन रोगी आणीत होत्या. प्लेगच्या रोग्याला पोटची माणसेही शिवत नव्हती. त्यातही महाराचा मुलगा असेल तर? मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच माईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. सहासष्ट वर्षांची बाई आणि पाठीवर तापाने फणफणलेला मुलगा. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एकच महिना आधी, ९ फेब्रुवारीला, मुंबईत गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचाही त्याच प्लेगने बळी घेतला होता. रविवारी अभ्यासवर्ग भरवितो, तेव्हा ती सुट्टी कोणामुळे मिळाली, हेही मुलांना सांगावे.

माई गेल्या तेव्हा बाबासाहेब सहा वर्षांचेही नव्हते. पुढे त्यांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले, १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. आणि २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत हजारो बायांसमोर काय सांगितले? समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. मुलींच्या लग्नाची घाई करू नका. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, दासी होऊ नये.

रजिस्टरमधील तारीख

पुढच्या रविवारी आम्ही विहारात ही तिन्ही पत्रे सांगितली. ती मुलगी मागच्या रांगेत बसली होती. नेहमी प्रश्न विचारणारी, त्या दिवशी मान खाली घालून होती. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही तिच्या लग्नाची तारीख लिहून ठेवली होती आणि तिला विचारले नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही पत्नीला घेऊन तिच्या घरी गेलो. वडिलांना म्हटले, "दादा, पोरीला विचारलंत का?" वडील काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "तिला काय विचारायचं त्यात? आम्हाला कुणी विचारलं होतं?" या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. माउली खोटे बोलत नव्हती. आमच्या पत्नीने तिच्याजवळ बसून एवढेच म्हटले, "ताई, तुम्हाला विचारायला हवं होतं." मग बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी मुलगीच म्हणाली, "मला नर्सिंग करायचंय. लग्नाला नाही म्हणत नाही. पण शिकून झाल्यावर."

वडिलांची अडचण खरी होती. पाठ दुखायला लागली आहे, पाठीमागे दोन मुले आहेत, चांगले स्थळ पुन्हा येईल की नाही. आम्ही शिष्यवृत्तीचे सांगितले, जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद करून देण्याचे मान्य केले. मुलाकडच्यांना निरोप गेला. ते थांबले नाहीत. मुलीचे वडील दोन महिने आमच्याशी बोलत नव्हते, रस्त्यात दिसले तर दुसऱ्या बाजूने जात. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. पण रजिस्टरमधील ती तारीख आम्ही आमच्या हाताने खोडली, आणि गेल्या पंधरा वर्षांच्या भाषणांपेक्षा ती एक रेघ आम्हाला मोलाची वाटते. मुलगी आज नर्सिंगला आहे. दवाखान्यातल्या कामाचे सांगते तेव्हा आम्हाला मुंढव्याची ती वाट दिसते.

माईंचा गौरव आता कमी नाही. १९९८ साली टपाल तिकीट निघाले. २०१४ साली पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. याचा आनंद आहेच. पण विद्यापीठाच्या दारावर माईंचे नाव असताना आपल्या घरातली मुलगी बारावीनंतर त्या दारापर्यंत पोहोचत नसेल, तर नावाचा उपयोग तिला काय?

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, या ३ जानेवारीला हार घाला, मुलींना सावित्रीमाई करा, भाषणेही करा. त्याबरोबर दोन कामे करा. वाचनालयातून माईंची ती तीन पत्रे आणा आणि रात्री जेवण झाल्यावर घरात मोठ्याने वाचा. वाचायला मुलीला सांगा, आणि जिला वाचता येत नाही त्या आईला शेजारी बसवा. नंतर टी. व्ही. बंद करून मुलीला विचारा, "बाळ, तुला काय करायचंय?" ती सांगेल ते लगेच जमेलच असे नाही. पण आधी तिला विचारा, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.

जय ज्योती! जय सावित्री! जय भीम!